धूर, गोंगाट आणि शेजार
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





चिटणीससाहेबांनी आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा 'मुलांचे शिक्षण व पालकांचे कर्तव्य' हा विषय त्यांच्या मनात होता. शिक्षकाला दुसरा विषय कोण देणार! पण या विषयावर आम्ही वर्षातून चार वेळा बोलतो आणि पालक चारही वेळा शांतपणे ऐकून घरी जातात. म्हणून आम्हीच विनंती केली की, या वेळी आपल्या मोहल्ल्यात घडलेल्या आणि ज्यावरून ट्रस्टच्या सभासदांत दोन तट पडले होते त्या गोष्टीबद्दल बोलू द्यावे. चिटणीससाहेब थोडे गप्प राहिले, मग म्हणाले, "मास्तर, नावे घेऊ नका." नावे आम्ही घेणार नाही. तशी गरजही नाही, कारण ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते आज समोर बसले आहेत आणि त्यांची परवानगी आम्ही काल संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन घेतली आहे.

विषय असा : शेजाऱ्याच्या धंद्यामुळे आपल्या घरात धूर शिरला किंवा रात्रीची झोप उडाली, तर माणसाने काय करावे? सहन करावे, भांडावे, की कोर्टात जावे? आणि कोर्टात गेले तर पुढे काय होते?

प्रथम एक कबुली. आम्ही वकील नाही. आमचे आजोळ मालेगावचे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत तेथे जात असू तेव्हा गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असे. पहिल्या दोन रात्री आम्हांस झोप येत नसे. आजी मात्र माग बंद पडला की जागी होई. वीज गेली की काय, म्हणजे उद्याची मजुरी बुडाली की काय, ही काळजी तिला उठवी. ज्या आवाजावर घराची चूल पेटते तो आवाज कानाला टोचत नाही. उज्जैनच्या जुन्या मंडळींस गिरण्यांचे भोंगे आठवत असतील. विनोद मिल, हिरा मिल आज बंद आहेत. पण त्या भोंग्यांवर माणसे घड्याळ लावीत, आणि भोंगा बंद झाला तेव्हा कित्येक घरांत सुतक आल्यासारखे झाले. तेव्हा गोंगाट म्हणजे केवळ वाईट, धूर म्हणजे केवळ पाप, असे मानून आम्ही येथे उभे नाही.

आता आमच्या गल्लीची हकीकत.

आपले उज्जैन पोह्यांचे गाव आहे. सकाळी पोहे-जिलेबी खाल्ल्यावाचून माळव्याचा दिवस उजाडत नाही आणि येथले पोहे दूरदूर जातात. पोहे कसे होतात हे खाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. धान आधी पाण्यात भिजवितात, मग भट्टीत तापलेल्या वाळूत भाजतात, गरम असतानाच यंत्रात घालून चेपतात आणि शेवटी चाळतात. भट्टीला बहुतेक ठिकाणी धानाचेच तूस जाळतात, कारण ते फुकटात मिळते. त्या तुसाची राख हलकी असते, वाऱ्यावर तरंगत जाते. यंत्राची धडधड जमिनीतून येते. कान झाकले तरी उशीतून ऐकू येते.

आमच्या गल्लीच्या टोकाला असा एक कारखाना होता. मालक आम्हां सर्वांचे चाचा. ट्रस्टचे आजीव सभासद. ट्रस्टच्या शिष्यवृत्तीत दर वर्षी त्यांची मोठी रक्कम असे, आणि आमच्याच वर्गातील तीन मुले त्या रकमेवर शिकत. कारखाना वडिलांच्या वेळचा. पूर्वी एक भट्टी होती, आणि ती दिवसा चाले. पुढे धंदा वाढला, दोन भट्ट्या झाल्या, नवे यंत्र आले आणि पहाटे चारला काम सुरू होऊ लागले. चाचांचे म्हणणे असे की, सकाळच्या गाडीने माल गेला नाही तर व्यापारी दुसरीकडे वळतो. तेही खोटे नव्हते.

कारखान्याला लागून आमच्या खालाजानचे घर. रक्ताने त्या कोणाच्या खाला होत्या हे आता कोणास आठवत नाही, गल्लीच्या खाला. त्यांना दमा होता. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीवर काळे कण पडत, त्या झटकीत आणि खोकत. आमची मुले वर्गात पहिल्या तासाला पेंगत. पहिली तक्रार खरे तर आम्ही पेंगणाऱ्या मुलांविषयी केली. खालांच्या दम्याविषयी बोलण्याचे धैर्य आम्हांस नंतर आले. हे सांगावयास लाज वाटते.

सन २०१८ च्या हिवाळ्यात एका अर्जावर आम्ही सह्या गोळा केल्या. पहिल्या दिवशी अकरा सह्या झाल्या. आठवड्याने त्यांतील सात जणांनी आपली सही काढून घेतली. एकाचा मुलगा कारखान्यात हमाल होता. दुसऱ्याचे दुकान चाचांच्या जागेत भाड्याने होते. तिसऱ्याची बायको तेथे पोहे चाळावयास जाई. एका सद्गृहस्थांनी सांगितले की, आपले आपसांत मिटवावे, कचेरीत गेल्याने बिरादरीची अब्रू जाते. आम्ही त्यांस विचारले की, खालांचा खोकला बिरादरीच्या अब्रूत धरावयाचा की नाही? त्यांनी उत्तर दिले नाही. अर्जावर चार सह्या राहिल्या. त्यांत एक खालांचा अंगठा.

येथे थोडे थांबून कायदा काय म्हणतो ते सांगतो.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १३३ वे कलम होते. सार्वजनिक उपद्रव होत असेल, मग तो घाणीचा असो, धुराचा असो की एखाद्या धंद्याचा, तर उपविभागीय दंडाधिकारी, ज्यांस आपण एस. डी. एम. म्हणतो, तो दूर करण्याचा हुकूम देऊ शकत. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तीत हेच कलम १५२ व्या क्रमांकावर आहे. रीत साधी आहे. आधी सशर्त हुकूम निघतो : अमुक मुदतीत उपद्रव बंद करा, नाही तर हजर राहून कारण दाखवा. समोरच्याने हरकत घेतली तर पुरावा घेतला जातो आणि मग हुकूम कायम होतो किंवा रद्द होतो. या अर्जाला मोठी कोर्टफी लागत नाही. पुष्कळांस हे ठाऊक नसते. नव्या संहितेत चौकशी नव्वद दिवसांत, फार तर कारण नोंदवून एकशेवीस दिवसांत, पुरी करावी असे घातले आहे. आमच्या वेळी ही मुदत नव्हती.

या कलमाचा सर्वांत गाजलेला खटला दूर कलकत्त्याचा किंवा मुंबईचा नव्हे, तो आपल्या शेजारच्या रतलामचा आहे. रतलामची शेव सर्व हिंदुस्थानास ठाऊक आहे, पण कायदा शिकणाऱ्या प्रत्येक मुलास रतलाम माहीत होते ते गटारांमुळे. तेथील न्यू रोड भागातील रहिवासी उघडी गटारे, रस्त्यावर होणारे शौच आणि मद्यार्काच्या कारखान्यातून रस्त्यावर येणारे दुर्गंधीचे पाणी यांनी गांजले होते. त्यांनी दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेस योजना करून घाण दूर करण्याचा हुकूम दिला. नगरपालिकेचे म्हणणे एकच : पैसा नाही. सत्र न्यायालयाने हुकूम फिरविला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला आणि नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला. तिजोरी रिकामी आहे म्हणून लोकांना घाणीत ठेवता येणार नाही, असे त्यांनी ठरविले. कारखान्याचे पाणी रस्त्यावर येणे थांबवा, सहा महिन्यांत पुरेसे संडास बांधा, असे हुकूम झाले. आणि लोकांच्या आरोग्यावर कारखान्यांनी नफा कमवावयाचा नाही, हेही स्पष्ट बजावले. आमच्या मनाला या खटल्यातील एक गोष्ट फार भावते. ज्यांनी अर्ज केला ते कोणी पुढारी नव्हते. एका वॉर्डातील साधी घरवाली माणसे होती. आणि ज्या दंडाधिकाऱ्याने पहिला हुकूम दिला तो एका लहान जिल्ह्यातला अधिकारी.

दुसरा खटला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा, १९८६ च्या निकालसंग्रहात छापलेला. वस्तीत ग्लुकोज सलाईन बनविण्याचा कारखाना होता. त्याचा बॉयलर चाले, राख उडे, आवाज होई. तक्रार करणाऱ्या बाईंचे पती हृदयविकाराने आजारी होते. कारखाना वस्तीतून हलविण्याचा हुकूम तेथे टिकला. आमच्या वकिलांनी हा निकाल काढून दाखविला तेव्हा खालांस आम्ही तो मराठी-उर्दू मिसळून समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे एका बाईच्या बोलण्यावरही साहेब ऐकतो?" आम्ही म्हटले, ऐकतो. तेव्हा त्यांनी अंगठा दिला.

पण कायदा एकाच बाजूने पाहत नाही, हेही लक्षात ठेवावे. १९७९ च्या संग्रहात सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, एका पाववाल्याच्या भट्टीविषयी. भट्टीच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराने लोक त्रासले होते. न्यायालयाने भट्टी व धुराडे महिन्याभरात पाडावयास सांगितले. परंतु त्या जागी पाववाल्याचा धंदाच करू नये असा जो खालचा हुकूम होता, तेवढा भाग काढून टाकला. भट्टी पेटवू नको, पण पोटावर पाय देणार नाही, असा त्याचा अर्थ. पिठाच्या चक्कीच्या आवाजाविषयी अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९७८ च्या संग्रहातील निकाल आहे. तेथे रहिवाशांच्या झोपेच्या बाजूने मनाई हुकूम टिकला. त्याच न्यायालयाकडे विटा दळण्याच्या यंत्राची धूळ एका डॉक्टरांच्या दवाखान्यात जाते असा दावा आला होता आणि १९८२ च्या संग्रहात डॉक्टरांच्या बाजूचा निकाल आहे. हे दोन्ही दिवाणी दावे. दिवाणी मार्ग लांबचा, पण नुकसानभरपाई किंवा कायमची मनाई हवी असेल तर तोच धरावा लागतो.

चाचांचे मुख्य उत्तर काय होते? "कारखाना आधी, तुमची घरे मागून. आम्ही येथे वडिलांपासून आहोत." हे उत्तर जगात सर्वत्र दिले जाते आणि त्यावर शहाण्यांचे एकमत नाही. इंग्लंडात १८७९ साली एक खटला झाला. लंडनच्या विगमोर रस्त्यावर एक हलवाई वीस वर्षांहून अधिक काळ मोठ्या खलबत्त्यांत साखर व इतर पदार्थ कुटीत असे. पाठीमागच्या घरात एक डॉक्टर राहावयास आले. त्यांनी परसात, हलवायाच्या भिंतीला लागून, रोगी तपासण्याची खोली बांधली आणि मग तक्रार केली की, खलबत्त्याच्या आवाजाने छाती तपासता येत नाही. हलवाई म्हणाला, मी आधीचा. न्यायालयाने डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. खोली बांधीपर्यंत त्या आवाजाचा उपद्रव झालाच नव्हता, तेव्हा वीस वर्षांचा हक्क कसला, असे ते म्हणाले. अर्थशास्त्राचे एक पंडित रोनाल्ड कोस यांनी १९६० साली याच खटल्यावरून असा प्रश्न टाकला की, त्रास एकटा हलवाई देतो आहे की खोली तेथे बांधून डॉक्टरही त्यात भर घालीत आहेत?

याच्या उलट पाहा. उस्मानी तुर्कांच्या राज्यात १८६९ ते १८७६ या काळात 'मेजेल्ले' नावाची दिवाणी संहिता तयार झाली. आपल्या फिक्हच्या आधारे. तिच्यात शेजाऱ्याला होणारा फार मोठा अपाय काय, त्याची उदाहरणे दिली आहेत : लोहाराचे दुकान किंवा चक्की यांच्या हादऱ्याने भिंत खिळखिळी होणे, भट्टीच्या किंवा तेलघाण्याच्या धुराने घरात राहणे अशक्य होणे. असा अपाय दूर केलाच पाहिजे. परंतु त्याच संहितेत असेही आहे की, लोहाराच्या जुन्या दुकानाशेजारी कोणी नवे घर बांधले तर घणाच्या आवाजासाठी लोहाराचे काम बंद पाडण्याचा हक्क त्याला नाही. आम्ही हे चाचांस दाखविले. ते खूष झाले. मग आम्ही म्हटले, चाचा, पण आपली दुसरी भट्टी आणि नवे यंत्र तर आमच्या घरांनंतर आले. ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही दोन्ही बाजूंचे वकील." भारतात मात्र सार्वजनिक उपद्रवाला जुनेपणाचा आधार मिळत नाही, कितीही वर्षे चालला तरी उपद्रव तो उपद्रवच.

असो. अर्ज दाखल झाला आणि तारखा पडू लागल्या. पहिल्या पाहणीच्या दिवशी भट्टी थंड होती, यंत्र पुसून ठेवले होते आणि अंगणात पाणी शिंपडले होते. पाहणीची बातमी आधी कशी पोहोचली याचा आम्ही शोध केला नाही. तेव्हा आमच्या वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रोजची वही ठेवा : तारीख, यंत्र सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, धूर कोठपर्यंत आला. दुसरी, आवाज मोजून घ्या.

आवाज मोजण्याविषयी थोडे बोलतो, कारण येथे आमच्यातला मास्तर जागा होतो. आवाजाचे माप डेसिबल. हे माप फूटपट्टीसारखे नाही. साठ म्हणजे पन्नासच्या वर दहा अशी साधी बेरीज येथे चालत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानास तो सुमारे दुप्पट वाटतो. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा. व्यापारी भागात ६५ व ५५. औद्योगिक भागात ७५ व ७०. आणि शाळा, इस्पितळे, न्यायालये यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत सरकारने शांतता क्षेत्र जाहीर केले असेल तर तेथे ५० व ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा अधिक आवाज झाला तर कोणीही अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. आपल्या राज्याचा कोलाहल नियंत्रण अधिनियम तर त्याही आधीचा, १९८५ चा आहे. हातातल्या मोबाईलवर आकडा दिसतो, पण त्यावर खटला उभा राहत नाही. तपासलेल्या यंत्राने, अधिकृत माणसाने मोजलेला आकडा हवा. आमची वही मात्र कामास आली. तिच्यात शंभरावर पहाटा नोंदल्या होत्या. अक्षर आमच्या मुलीचे. दुसरी पाहणी पहाटे झाली आणि त्या वेळी यंत्र चालू होते.

मग सन २०२० आले आणि मार्चमध्ये सर्वच बंद झाले. कारखानाही. गल्लीत पहाटे चारला चिमण्या ऐकू येऊ लागल्या. खाला कित्येक वर्षांनी अंगणात झोपल्या. आम्हांस वाटले, हेच तर मागत होतो. पण तिसऱ्या आठवड्यात पोहे चाळणाऱ्या बायका ट्रस्टच्या दारात शिध्याच्या पिशवीसाठी रांगेत उभ्या राहिल्या. त्या पिशव्यांतले निम्मे धान्य चाचांनी दिले होते. आम्ही वाटपाला होतो. एक बाई पिशवी घेताना आम्हांस म्हणाली, "मास्तर, आता शांत झोप लागते ना?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आजवर विसरलो नाही.

पुढे कारखाना पुन्हा सुरू झाला. २०२१ च्या आरंभी खाला वारल्या. दम्याने की त्या वर्षाच्या साथीने, हे डॉक्टरांनी निश्चित सांगितले नाही आणि आम्हीही तो आरोप कोणावर ठेवीत नाही. जनाजा कारखान्यासमोरून गेला तेव्हा चाचांनी यंत्र बंद केले होते आणि ते स्वतः खांदा द्यावयास आले.

अर्जाचा हुकूम त्यानंतर सहा महिन्यांनी झाला : भट्ट्या व यंत्र वस्तीतून हलवावे, गोदाम व विक्री राहू द्यावी. चाचा वरच्या कोर्टात जाऊ शकले असते, गेले नाहीत. त्यांनी मक्सी रोडच्या औद्योगिक भागात जागा घेतली. तेथे नवी भट्टी आहे, उंच धुराडे आहे आणि धंदा पूर्वीपेक्षा वाढला आहे, हे ते स्वतःच सांगतात. पण चाळणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींस तेथे जाणे जमले नाही. गल्लीत त्या दुपारी घरी जाऊन मुलास जेवू घालून येत. मक्सी रोडला जाण्यायेण्यात वेळ जातो, भाडे जाते. आम्ही अर्ज लिहिताना धूर लिहिला, राख लिहिली, झोप लिहिली. या बायकांचा विचार अर्जात कोठेच नव्हता. कायद्याने तो मागितलाही नव्हता. ट्रस्टने त्यांच्यासाठी सकाळची एक गाडी ठरवावी असे आम्ही दोन वेळा सुचविले आहे. खर्चाचा प्रश्न येतो. या महोत्सवात रोषणाईवर जो खर्च झाला त्याचा आकडा आम्ही येथे सांगत नाही.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळतो, कारण दुसऱ्याच्या धुराविषयी बोलणे सोपे असते.

लाउडस्पीकर हा धंदा नव्हे, पण शेजाऱ्याला तो कारखान्याइतकाच ऐकू येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या एका चर्चच्या खटल्यात ठरविले की, शेजाऱ्यांची शांतता मोडून, ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. १८ जुलै २००५ रोजी त्याच न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतच्या बंदीवर सविस्तर निकाल दिला. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते; त्याहून अधिक नाही. १३ डिसेंबर २०२३ रोजी आपल्या राज्यात नवे सरकार आले आणि त्याच दिवशी लाउडस्पीकरविषयी हुकूम निघाला. त्या वेळी त्याची चर्चा कोण कोणाविरुद्ध अशा अंगाने फार झाली. आम्ही आमच्या मोहल्ल्यात एवढेच सांगितले की, नियम २००० सालचे आहेत आणि मंदिर, मशीद, लग्नाची वरात, सर्वांस एकच आहेत. दुसऱ्याने पाळले की आम्ही पाळू, असे म्हणण्यात अर्थ नाही. मुंबईत सुमैरा अब्दुलअली नावाच्या बाई कित्येक वर्षे हातात मोजयंत्र घेऊन गणपती, ईद, दिवाळी, सर्वांचेच आवाज मोजीत आल्या आहेत. इस्पितळांच्या व शाळांच्या भोवती शांतता क्षेत्रे आखावीत म्हणून २००३ साली त्या उच्च न्यायालयात गेल्या. त्यांनी सर्वांचे मोजले, म्हणून त्यांचे बोलणे ऐकावे लागते.

आणि शेवटी आपल्या ट्रस्टचे सभागृह. आपण ते लग्नकार्यासाठी भाड्याने देतो. त्या भाड्यावर दवाखाना चालतो. सभागृहाच्या मागे जनित्र आहे. जनित्रापासून दहा-बारा फुटांवर एका विधवा बाईंची खिडकी आहे. त्या आपल्या समाजाच्या नाहीत. मराठी कुटुंब, शिंदेशाहीच्या काळापासून या गल्लीत राहणारे. लग्नसराईत वीज गेली की जनित्राचा धूर सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात जातो. डी. जे. रात्री दहाला बंद होतो असे आपल्या पावतीवर छापलेले आहे. गेल्या मोसमात आम्ही पुन्हा वही धरली, या वेळी अक्षर आमचेच. बावीस लग्नांपैकी दहाच्या आत डी. जे. बंद झाला तो सात वेळा. शिवाय सभागृहापासून शाळेची भिंत शंभर मीटरच्या आत आहे.

त्या बाईंनी आजवर अर्ज केलेला नाही. का नाही केला, असे आम्ही त्यांस विचारले. त्या म्हणाल्या, "तुमच्या दवाखान्यात माझ्या नातवाला फुकट औषध मिळते, मी कोणत्या तोंडाने तक्रार करू?" खालांच्या वेळी ज्या सात जणांनी सह्या काढून घेतल्या त्यांचे कारण आणि हे कारण एकच आहे. तेव्हा आम्ही त्या सात जणांवर रागावलो होतो.

जनित्र पुढच्या अंगणात हलवावयास, त्यास आवाज कोंडणारी पेटी व उंच नळी बसवावयास किती खर्च येईल त्याचा अंदाज एका कारागिराकडून आम्ही लिहून आणला आहे. तो कागद आज अध्यक्षांच्या टेबलावर आहे. भाड्याच्या पावतीत अनामत रक्कम वाढवावी आणि दहानंतर डी. जे. वाजला तर ती परत करू नये, अशी एक सूचनाही त्याच कागदावर आहे. चाचांनी काल चहा पिताना निम्मा खर्च देण्याचे कबूल केले आणि वर म्हणाले, "मास्तर, माझी भट्टी हलविली, आता आपली हलवा."

त्या बाईंस आम्ही आज मुद्दाम बोलावले होते. त्या आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत नातवाबरोबर बसल्या आहेत. आमच्या वाट्याच्या वेळेतील दहा मिनिटे उरली आहेत. ताई, आपण पुढे यावे. अध्यक्षमहाशयांची अनुमती असेल तर ती दहा मिनिटे आम्ही त्यांस देतो.